रखमाजीची तालीम

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण घोळ मोठ्यांनीच घातला होता.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. राजा तिकडं फिरकत नसे, म्हणून कारभार चावडीवर चाले. तिथं एक मोठी घोंगडी अंथरलेली असे. घोंगडीवर बसेल त्यानं बोलायचं, बाहेर उभा असेल त्यानं गप्प ऐकायचं. तरणी पोरं सगळी बाहेर उभी. कामाला मात्र सगळ्यांच्या पुढं.

पोरं कंटाळली. सुगी झाली की घाट उतरून परमुलखात जायचं, असं त्यांनी ठरवलं. मागं नुसते म्हातारे उरणार होते.

रखमाजीला हे बघवेना. तो याच गावचा, बरीच वर्षं परमुलखात राबून परत आलेला. पोरांवर त्याचा जीव. तो सरळ चावडीत घुसला आणि उभ्या उभ्याच ओरडला, "पोरं गेली तर तुम्हाला खांदा कोण देणार? काहीतरी करा त्यांच्यासाठी!"

पाटील हसले. "जीभ बरी चालते तुझी. ये, बस घोंगडीवर. पोरांच्या वतीनं तूच बोलत जा."

रखमाजी बसला. घोंगडी उबदार होती.

बैठक उठल्यावर पोरांनी त्याला गराडा घातला. त्यात हौसा नावाची एक फटकळ पोर होती. ती म्हणाली, "दादा, तो घाट आहे ना..."

"थांब गं! मी आहे ना आता. पोरांचं दुखणं माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"पण ऐकून तर घे..."

"तू घोर सोड."

पुढच्या बैठकीत पाटलांनी विचारलं, "बोल, काय हवंय पोरांना?"

रखमाजीला स्वतःचं तरणेपण आठवलं. तेव्हा त्याला तालीम हवी होती, आणि कुणी दिली नव्हती. तो छाती काढून म्हणाला, "तालीम!" म्हातारे कुरकुरले, पण हा हटला नाही. खोटं कशाला बोला, भांडला अगदी मनापासून.

तालीम बांधली कुणी? पोरांनीच. दगड वाहिले, तांबडी माती चाळली, तिच्यात ताक नि तेल कालवलं. कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेर उभं राहून राहून तशी सवयच लागली होती.

सुगी झाली. तालमीचा नारळ फोडायचा दिवस आला. म्हातारे नटून आले, हलगी वाजली, पण आखाड्यात उतरायला कुणी येईना. रखमाजी घाटाकडं धावला. पोरं गाठोडी घेऊन निघाली होती.

"अरे, तालीम मिळवून दिली ना तुम्हाला!" तो धापा टाकत म्हणाला.

"आणि आम्ही पोरींनी तिथं काय करायचं, लंगोट वाळवायचे?" हौसा म्हणाली. "घाटातून भरला बैल उतरेल एवढी वाट हवी होती, दादा. खालच्या बाजारात माल विकून संध्याकाळी घरी जेवायला आलो असतो. गाव सोडायचं कुणाच्या मनात होतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"घोंगडीवरच्यांनी कधी बोलू दिलं नाही. तू तिथं बसलास, तूही दिलं नाहीस. त्यांच्यात एक माणूस वाढला, एवढंच."

पोरं उतरून गेली, अरुंद वाटेनं, एकामागं एक.

गावात म्हातारे उरले. तालमीच्या मऊ मातीत शेळ्या लोळू लागल्या. त्यांची काही तक्रार नव्हती.

बोध एवढाच: ज्यांच्या वतीनं भांडायला जाल, त्यांना काय हवंय ते आधी त्यांच्याच तोंडून ऐका.