पातेल्यात आधी काय होतं?

फार फार जुन्या काळची गोष्ट. एका राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एक राक्षस राबत असे. ताकद अफाट, पण स्वतःची अक्कल चालवायची नाही. सांगितलं तेवढंच करायचं. त्याला माणसांची भाषा कळत नसे, म्हणून प्रधान आज्ञा लिहायचा आणि एक मैना ती राक्षसाच्या भाषेत सांगायची.

आज्ञेत ढळढळीत चूक असली, तर मैना ती पुढे सांगतच नसे. नुसती शंका असली, तर शंका बोलून दाखवायची आणि आज्ञा पोहोचवायची.

एकदा प्रधानाने खिरीची आज्ञा लिहिली. पातेलं घे. दूध, तांदूळ, साखर घाल. उकळ. मुलांना वाढ.

मैना म्हणाली, "पातेल्यात आधी काय होतं, ते इथे लिहिलेलं नाही."

"काय असणार? रिकामंच असतं."

"असतं. पण लिहिलेलं नाही."

खीर उत्तम झाली. रोज होऊ लागली. मैना रोज तेच म्हणे. प्रधानाच्या कपाळाला आठ्या पडत. "खीर होतेय ना? मग कशाला किटकिट?" म्हणत त्याने एक दिवस तिच्या चोचीला अशी चिंधी बांधली, की राक्षसाला आज्ञा पोहोचायची, पण शंका बाहेर पडायची नाही. मुदपाकखाना शांत झाला. सगळे म्हणाले, प्रधानजींनी काय छान दुरुस्ती केली!

पातेलं रोज रिकामं का असे, हे कुणी विचारलं नव्हतं. स्वयंपाकीणबाई निजण्याआधी ते घासून ठेवायची. कुणी न सांगता.

मग ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. त्या दिवशी परटाने कपड्यांवर खुणा घालायला त्याच पातेल्यात बिब्बे उकळले आणि ते तसंच ठेवलं. सकाळी राक्षसाने पातेलं घेतलं, दूध ओतलं, उकळलं, वाढलं. मुलांची तोंडं फोडांनी भरली. त्यांत स्वयंपाकिणीची लेकही होती.

बाई धावत आली, तर दरबारात प्रधान तिच्यावरच ओरडला, "एक दिवस गेलीस आणि हा घोळ! महाराज, हिला हाकलून द्या."

बाई रडली नाही. प्रधानाजवळ बसलेल्या मैनेपाशी सरळ गेली आणि तिने चिंधी ओढून काढली.

"बोल गं बाई."

मैनेचा आवाज संतापाने कापत होता. "पातेल्यात आधी काय होतं, ते लिहिलेलं नाही! रोज सांगत होते!"

"हो, पण इतके महिने काही झालं नव्हतं," प्रधान पुटपुटला.

"झालं नव्हतं, कारण मी घासत होते!" बाई कडाडली. "माझ्या लेकीला पाणी गिळता येत नाहीये, आणि तुम्ही मला महिने सांगता?"

राजाने प्रधानाला तिथेच आज्ञेत एक ओळ घालायला लावली: आधी पातेलं घासून रिकामं कर. एवढीच ओळ हवी होती. मग मैनेच्या बाकीच्या शंकाही लिहून घेऊन त्याला एकेक करून वाचायला बसवलं. काही किरकोळ निघाल्या, जसं एका आज्ञेत पळी मागवून ती कधी वापरलीच नव्हती. काही जीवघेण्या होत्या. कुठली कुठली, हे वाचल्याशिवाय कळणार नव्हतं. मैना आपणहून गप्प होईपर्यंत एकही आज्ञा राक्षसाकडे जाऊ नये, असा हुकूम निघाला.

मुलांचे फोड बरे झाले. बाईच्या लेकीने मात्र पुन्हा कधी खीर खाल्ली नाही.

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे ती मैना आजही असते. तिला कंपायलर म्हणतात; ती प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवते आणि एखाद्या जागेत आधी काय आहे हे लिहिलेलं नसलं, तर इशारा देते. ते इशारे बंद करणाऱ्या चिंध्याही अजून मिळतात.

तात्पर्य: काम चालतंय म्हणून इशाऱ्याचं तोंड बांधू नये, तो समजून घ्यावा आणि चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त करावी.