एकदांडीचे आमंत्रण

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. त्याने एका मांत्रिकाला दारातून हाकलले. मांत्रिक म्हणाला, "तुझ्या लेकीचा पाय चिरेल. तुम्ही रोज तुडवता, त्याच पाल्याने तो भरेल." त्याच क्षणी राजकन्या शशिप्रभेचा तळपाय चिरला. रक्त काही थांबेना.

राजवैद्य अग्निदत्ताने शापातला पाला ओळखला. राजवाड्याच्या अंगणात फरशीच्या फटींत एकदांडी ही जखमेवरची रानवनस्पती तणासारखी माजली होती. सारा दरबार ती तुडवून जाई.

त्या राज्याची रीत अशी की, औषधी खुडायची तर आदल्या सांजेला तिच्या मुळाशी अक्षता वाहून आमंत्रण द्यावे. राजाने विचारले, "वैद्यराज, आमंत्रण?"

"महाराज, आमंत्रण तुळशीला. तण तर न बोलावताच येते!" वैद्य म्हणाला. दरबार खो खो हसला. वैद्याने मूठभर पाला ओरबाडला.

औषध आधी वैद्याच्या अंगावर, मग रोग्याच्या. ही दुसरी रीत त्याने पाळली, आपला तळहात चिरला. पाल्याचा रस लावला, रक्त थांबेना. काढा करून धुतला, थांबेना. तेल सिद्ध करून चोळले, तरी थांबेना. आता दोघांचे रक्त वाहू लागले. शशिप्रभा पांढरीफटक पडली.

आमंत्रण न देता पाला ओरबाडला ही आपली चूक वैद्याला कळली आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. भल्या पहाटे उपरण्याखाली अक्षता लपवून तो अंगणात आला. कुंपणावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "वैद्या, अपमान चारचौघांत आणि क्षमा मात्र चोरून?"

वैद्य मान खाली घालून परतला. त्या सांजेला भरल्या दरबारासमोर तो एकदांडीपुढे गुडघ्यांवर बसला. कुणीतरी हसले. त्याचे कान तापले. अक्षता वाहून तो मोठ्याने म्हणाला, "एकदांडीमाते, मी उन्मत्त झालो. लेकरासाठी उद्या चल."

सकाळी पाला आपणहून हाती आला. रस लावताच वैद्याच्या तळहाताची जखम भरली, मग राजकन्येच्या पायाची. शाप सरला. राजाने मांत्रिकाला मानाने परत बोलावले आणि राज्याची घडी बसली.

राजाने वैद्यापुढे मोहरांचे ताट ठेवले. शशिप्रभेने सहज विचारले, "वैद्यराज, औषध तर अंगणातच होते. मग इतके दिवस का लागले?"

वैद्याने ताटाला हात लावला नाही. त्या दिवसापासून अग्निदत्त अंगण ओलांडताना पायांतल्या वहाणा हाती घेई. राजकन्येचा पाय बरा झाला तसे ऐकणाऱ्यांचेही दुखणे बरे होवो, आणि वैद्याला मिळाला तसा प्रश्न कुणाच्या वाट्याला न येवो.