चौथा कोपरा

सन एकोणीसशे एकोणनव्वद. माघ महिन्याचा वद्य पक्ष. थंडी ओसरत होती, शाळू काढणीला आला होता. त्या दिवसांत एका गावात एक वृद्ध सुभेदार वारला.

हा घरात बसणारा माणूस नव्हता. इटलीच्या डोंगरात लढून आला. पुढे बेळगावला असताना मुलगी झाल्याचे कळले, तेव्हा गाडीची वाट न पाहता सायकलवर गावी आला, तिचे तोंड पाहिले आणि तसाच परत गेला. साठी उलटल्यावर विहिरीत पडलेले करडू काढायला दोर धरून उतरला. वर आल्यावर बायकोच्या शिव्या मात्र खाली मान घालून ऐकल्या. नातवंडांनी मिशी ओढलेली त्याला चाले. दुसऱ्या कोणाची तिला हात लावायची टाप नव्हती.

त्याच गावात तालमीचा एक वस्ताद होता. सुभेदाराच्याच पलटणीतला, एका पायाने अधू. सुभेदाराचा नातू संपत हा त्याचा शिष्य.

तिरडी उचलली तेव्हा वस्तादाने पुढचा उजवा खांदा घेतला. संपत त्याच्या मागे होता. वाटेत खांदेकरी बदलतात. कोणी पाठीला हात लावला की जागा सोडायची, ही रीत. वस्तादाच्या पाठीला अनेकांनी हात लावला. तो बाजूला झाला नाही. मागून कोणी पुटपुटले, आज दुसरी तिरडी बांधावी लागणार, बांबू शिल्लक ठेवलेत का.

विसाव्याची जागा आली. तिथे तिरडी क्षणभर भुईला टेकवतात. त्यावाचून गेलेल्याला विसावा नाही, असे लोक मानतात. खांदेकरी वाकले. तीन कोपरे भुईला लागले. चौथा लागला नाही. वस्ताद अधू पाय मुडपून गुडघ्यावर बसला होता आणि बांबू त्याच्या खांद्यावर तसाच होता. तिरडी कलली. लोक कुजबुजू लागले.

आजोबाचे शेवटचे कार्य गुरूच्याच हातून बिघडणार, या धास्तीने संपतचा आवाज चढला.

“वस्ताद, आबांना टेकू द्या. तुमच्या हट्टापायी त्यांचा जीव घुटमळायला नको.”

वस्तादाने मान वळवली नाही. तो सावकाश बोलला.

“मला गोळी लागली तेव्हा तुझ्या आजानं पाठीवर घेतलं. अख्खा डोंगर उतरला. मी म्हणत होतो, टेकव मला आणि तू जा, तुझं पोर पाळण्यात आहे. तो म्हणाला, पोर आहे म्हणूनच टेकवत नाही. तुला टाकून गेलो तर त्याला काय तोंड दाखवू? संपत, माणूस खाली ठेवला की हात मोकळे होतात. मोकळ्या हातांना पळवाट सुचते. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून दम खायलासुद्धा त्यानं मला भुईला लागू दिलं नाही. मी त्याला कसा लागू देऊ?”

पुढे अग्नीचे मडके धरून संपतचा बाप उभा होता. पाळण्यातले पोर ते तोच. तो वळला. वस्तादाकडे पाहिले आणि म्हणाला, “उचला.”

तिघांनी उचलले. वस्तादाचा पाय मात्र उठेना. दोघे-तिघे त्याचा बांबू घ्यायला धावले. संपतने त्यांना हाताने मागे सारले. आपला कोपरा त्याने शेजाऱ्याला दिला, वस्तादापाशी आला. बांबूला त्याने हात लावला नाही. वस्तादाच्या काखेत हात घालून त्याला उभे केले.

मग पाठीला हात लावायला कोणी पुढे आले नाही. वस्ताद ज्या चालीने चालेल त्या चालीने सारे गाव चालले.

ओढ्याकाठी सरण रचलेले होते. तिरडी सरणाला टेकली, तेव्हा वस्तादाने खांदा काढला.