दारे काढलेले नगर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या दोन्ही राजांची नावे आता कुणालाच आठवत नाहीत. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी, अशी ही गोष्ट.

एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. त्यांचे युद्ध इतकी वर्षे चालले, की सुरुवातीला पाळण्यात असलेली मुले शेवटी भाले घेऊन लढली. अखेर उत्तरेचा राजा जिंकला, दक्षिणेचा हरला. तह झाला. नगारे वाजले, साखर वाटली गेली. युद्ध संपले, असे सगळे म्हणू लागले.

हरलेल्या राज्यात सगळ्यात शेवटी पडले ते नदीकाठचे एक नगर. जिंकलेल्या राजाने तिथे हैबती नावाचा ठाणेदार नेमला. मूठभर शिपाई त्याच्या हाताखाली दिले आणि बजावले, "हे लोक चिवट आहेत. ते पुन्हा उठले, तर तुझे डोके धडावर राहणार नाही. आपल्या शिपायाला कुणी हात लावला, तर ती गल्लीच्या गल्ली जाळून टाक."

हैबती शूर होता. रणात त्याने कधी पाठ दाखवली नव्हती. पण या नगरात पाय ठेवला आणि त्याला भीतीने घेरले. पाणवठ्यावर बोलणाऱ्या बायका त्याला पाहताच गप्प होत. म्हातारे मान खाली घालत. कुणी शिवी देत नव्हते, कुणी दगड मारत नव्हते. त्या गप्प बसण्याचीच त्याला धास्ती वाटे.

"बंद दारांआड हे लोक काय शिजवत असतील?" तो एकदा आपल्या हवालदाराला म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. प्रत्येकाने आपल्या घराचे दार काढून ठाण्यावर जमा करावे!

दारे निघाली. ठाण्याच्या अंगणात फळ्यांचा ढीग लागला. आता आपल्याला चैन पडेल, असे हैबतीला वाटले. पण झाले उलटेच. शिपाई येता-जाता घरांत डोकावू लागले. आया आपल्या मुलींना आतल्या कोपऱ्यात लपवू लागल्या आणि स्वतः उंबरठ्यावर बसून राहू लागल्या. ठाण्याच्या माडीवरून हैबतीला दर चौकटीत एक न हलणारी आकृती दिसे, आणि त्याच्या अंगावर काटा येई.

मग त्याने कोयते आणि विळे गोळा केले. मग स्वयंपाकघरातल्या विळ्या. मग मुसळेसुद्धा. जितके जास्त तो काढून घेई, तितका जास्त तो भिई. शेवटी ताटातला पहिला घास कुत्र्याला घालून पाहिल्याशिवाय तो जेवेनासा झाला.

ठाण्यावर भाकऱ्या भाजायला त्या नगरातलीच कोंडाई नावाची एक विधवा येत असे. तिचा थोरला मुलगा तटावर लढताना मारला गेला होता. धाकटा बयाजी आणि थोरल्याची बायको, एवढीच माणसे तिच्या घरात उरली होती. एके दुपारी हैबती तिच्या चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"कोंडाई, खरं सांग. तुमच्या लोकांचा बेत काय आहे?"

कोंडाईने तव्यावरची भाकरी उलटली. "बेत असता सरकार, तर या पिठातच कधीचा कालवला असता."

हैबती दचकला. ती पुढे म्हणाली, "बेत कसला करणार? रात्र कशी सरेल, एवढंच आम्ही बघतो. माझी सून उशाला वरवंटा घेऊन झोपते. तुमच्या माणसांच्या भीतीनं."

"आणि आम्ही तुमच्या भीतीनं जागे असतो."

"मग या नगरात झोपतं तरी कोण?"

कोंडाईचा आवाज खाली आला. "माझा थोरला गेला. ते मी विसरले, असं खोटं सांगणार नाही. एक दुःख उरावर घेऊन माणूस जगतं, सरकार. पण तुम्ही रोज एक नवं देता. एक दिवस आमच्याकडं गमवायला काहीच राहणार नाही. त्या दिवशी मात्र आम्हाला खरंच भ्या."

हे शब्द हैबतीच्या मनातून जाईनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवंडी पिटली गेली. ज्याने त्याने आपले दार घेऊन जावे, आपली हत्यारे-अवजारेही घेऊन जावीत!

"सरकार, हा आपल्या हातानं आपला गळा कापणं आहे," हवालदार म्हणाला.

संध्याकाळी गल्लोगल्ली कड्या लागल्याचे आवाज झाले. मग सगळे शांत. कोणत्या दाराआड कोण आहे, कोणाच्या हातात काय आहे, काही कळायला मार्ग उरला नाही. शिपाई पाठीला पाठ लावून बसले. हैबतीने तलवार मांडीवर घेतली आणि उजाडायची वाट पाहिली.

उजाडले, आणि ज्याची भीती होती तेच झाले. पहाऱ्यावरच्या एका शिपायावर कुणीतरी विळ्याने वार केला होता. त्याचा दंड फाटला होता. वार करणारा कोंडाईच्या गल्लीत पळाला, एवढे त्याने पाहिले होते.

हवालदार पेटता पलिता घेऊनच आला. "महाराजांचा हुकूम आठवतो ना, सरकार? गल्ली जाळायची."

हैबती गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. दोन्ही बाजूंना बंद दारे. त्याने हवालदाराकडून पलिता आपल्या हातात घेतला. जाळावे, तर हे नगर पुन्हा कधीच शांत होणार नाही. न जाळावे, तर आपले डोके जाणार. आणि आत्ता या क्षणी कोणत्याही दारातून भाला आला, तर तेवढाही विचार करायला आपण उरणार नाही.

त्याने पलिता चिखलात खुपसून विझवला.

"ऐका!" तो ओरडला. "मी गल्ली जाळणार नाही. एकही दार फोडणार नाही. ज्यानं वार केला, तो एकटा मला हवा. त्याचा न्याय तुमचेच पंच करतील."

एकही दार उघडले नाही. शिपाई मागे सरकू लागले. हैबती मात्र जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळाने एक कडी वाजली. कोंडाईचे दार उघडले. तिने बयाजीचे मनगट घट्ट धरले होते. तो रडत होता.

"हाच तो," ती म्हणाली. "भावाचा सूड घ्यायला गेला होता."

हैबती एक पाऊल पुढे आला. "तू आपणहून दार उघडलंस?"

"फोडणार नाही म्हणालात, म्हणून उघडलं."

पंच बसले. शिपायाचा हात बरा होईपर्यंत बयाजीने त्याची सगळी कामे करावीत आणि त्यानंतर वर्षभर नगराबाहेर राहावे, असा त्यांनी न्याय दिला. शिपायाने तो कुरकुरत मान्य केला. कोंडाईने मुलाला शिदोरी बांधून दिली आणि ती पुन्हा भाकऱ्या भाजायला ठाण्यावर आली. हैबतीशी मात्र ती पुष्कळ दिवस बोलली नाही.

हे राजाच्या कानावर गेले. त्याने हैबतीचे डोके राखले, पण ठाणेदारी काढून घेतली आणि त्याला भित्रा ठरवून घरी धाडले. नगर शांत होते, म्हणून तिथली दारे पुन्हा कुणी काढली नाहीत. जिंकलेल्या बाकीच्या नगरांत मात्र राजाने आपल्या मर्जीचे ठाणेदार ठेवले. त्यांनी दारे काढली, गल्ल्या जाळल्या. काही वर्षांनी ती सगळी नगरे एकदम उठली. ठाणी पडली, शिपाई मारले गेले, आणि तेच जुने युद्ध पुन्हा पेटले. नदीकाठचे ते एक नगर तेवढे उठले नाही. बाहेरचे बंडखोर चालून आले, तेव्हा तिथल्या शिपायांना वाचवायला लोकांनी आपल्या घरांत घेतले आणि आतून कड्या लावल्या.

तात्पर्य : हरलेल्याच्या मनातली भीती जो संपवत नाही, त्याचा तह होतो, पण युद्ध संपत नाही.