करडीची राखण

"...मग आता तरी तिनं बोलायला नको का, बाबा?"

भुजंग पैलवान उभ्यानंच विचारत होता. गावाबाहेर फकिराच्या राहत्या तकियात, पीराच्या कबरीमागं जे परस आहे, तिथं मेहताबशा फकीर उकिडवा बसला होता. त्यानं दोनदा खुणेनं बस म्हटलं, तरी पैलवान बसला नाही.

सोजर ही भुजंगची धाकटी बहीण. नवऱ्यानं तिला चुलीतल्या लाकडानं मारलं. कळलं तसा भुजंग एकटा तिच्या सासरी गेला, सगळ्या गल्लीदेखत त्या माणसाला लोळवलं आणि बहिणीला जीपमध्ये घालून घरी आणलं.

त्याला चार महिने झाले. वळ गेले. सोजर मात्र भिंतीकडं तोंड करून बसू लागली. जेवण दोन घासांवर आलं. गेल्या महिन्यापासून तर शब्दच नाही.

"तो परत येईल म्हणून भ्यालीय ती," भुजंग म्हणाला. "पण मी असताना कुणाची छाती आहे, बाबा? तरीपण..."

फकिरानं मान वर केली नाही. त्याच्या मांडीवर एक करडी कोंबडी होती. सकाळीच मुंगसानं तिला मानेमागं धरलं होतं. कातडं लोंबत होतं. आतलं तांबडं मांस श्वासासरशी हलत होतं.

कोंबडी ओरडत नव्हती. एका डोळ्यानं भुजंगकडं बघत होती.

फकिरानं मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली, तीत हळद दाबली आणि करडीला उचलून पैलवानाच्या हातात ठेवलं.

"राखशील?"

"मुंगसापासून? हे काय माझं काम झालं!"

"तीन दिवस."

भुजंग हसला... आणि राहिला.

त्यानं करडीला वेताच्या डालग्याखाली झाकून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ जखम धुतली. भिजवलेली बाजरी बोटावर घेऊन चारली. पहिल्यांदा तिनं बोटावरचा दाणा टिपला, तेव्हा त्यानं हात तसाच धरून ठेवला.

मुंगूस ऐन दुपारी यायचं. परसाच्या कुंपणाच्या गडग्यावर, रोज त्याच दगडावर बसायचं. भुजंगनं धोंडा मारला की वीतभर सरकायचं आणि पुन्हा तिथंच.

"ते मला भीत नाही, बाबा," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "माझ्याकडं बघतसुद्धा नाही."

"मग कुणाकडं बघतं?"

"माझ्या मागं..."

फकीर कबरीवरचा पाचोळा झाडत राहिला.

तिसऱ्या दिवशी खपली धरली. करडी मान ताठ करून चालू लागली. आपल्यांत गेली की तिला हुशारी येईल, असं भुजंगला वाटलं. त्यानं कुणाला विचारलं नाही. डालगं उचललं, तिला फकिराच्या बाकीच्या सहा कोंबड्यांत सोडलं आणि स्वतः हातात काठी घेऊन, गडग्याकडं तोंड करून बसला.

मुंगूस आलं.

वारा पडला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. पाठीमागं कोंबड्यांची कुककुक चालली होती. माजघरात बायका धान्य निवडताना हलक्या आवाजात बोलतात ना, तशी. भुजंगला बरं वाटलं. डोळे जड झाले.

मग कुककुक थांबली.

टक्... टक्... एवढंच उरलं.

मुंगसाची नजर त्याच्या खांद्यावरून मागं लागली होती. भुजंगच्या मानेवर काटा आला. तो वळला.

सहा कोंबड्या गोल उभ्या होत्या. भांडण नव्हतं. पंखांची फडफड नव्हती. एक पुढं व्हायची, टोच मारायची, मागं सरायची. मग दुसरी. दाणे टिपावेत इतक्या शांतपणे. एकीनं लाल झालेली चोच मातीत पुसली आणि ती पुन्हा रांगेला लागली.

मधे करडी होती. भिंतीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून. हालत नव्हती.

"हाट्!" भुजंग ओरडत घुसला. लाथांनी कोंबड्या उधळल्या, करडीला उचललं. खपलीचा पत्ता नव्हता. मुंगसाच्या दातांपेक्षा खोल गेलं होतं. बोटांखाली तिचं काळीज धडधडत होतं.

गडग्यावर कुणी नव्हतं.

"बाबा! तिच्याच... तिच्याच बरोबरच्या! रोज एका खुराड्यात झोपणाऱ्या!"

"हूं."

"मला सांगायचं तरी!"

"विचारलंस?"

फकिरानं कोंबडी घेतली. पुन्हा पाणी, पुन्हा मीठ.

"मी दहा पावलांवर होतो," भुजंग म्हणाला. "ओरडली का नाही ती?"

"कुणाला?"

पाणी लाल झालं. फकिरानं ते लिंबाच्या बुंध्याशी ओतलं, नवं घेतलं.

"जगेल?"

"धुगधुगी आहे."

मग फकिरानं सहज विचारावं तसं विचारलं, "तीन दिवस तू इथं आहेस. सोजरपाशी कोण आहे?"

"सगळी आहेत की. आई आहे. माझी बायको आहे. दोन्ही चुलत्या येऊन-जाऊन असतात. घर कसं भरलेलं..."

त्यानं वळून त्या सहा कोंबड्यांकडं पाहिलं.

फकिरासमोर पहिल्यांदाच पैलवान खाली बसला. धप्पदिशी, मातीत. मग तसाच उठला, काठी तिथंच टाकली आणि पायवाटेला लागला.

"पैलवान..." फकिरानं मागून हाक मारली.

भुजंग थांबला.

"घरात शिरताना नेहमीसारखं खाकरून वर्दी देऊ नकोस."