भूशिरावरच्या तीन हाका

एका राज्यात जमिनीचं एक लांब टोक समुद्रात शिरलं होतं. तिथल्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडक दडलेला. त्याला डावा वळसा घालून जहाज आत आणणं एकट्या धाकोजी वाटाड्याला जमे.

एकदा एक जादूगार जहाजातून आला. म्हणाला, "वळसा नको. मला घाई आहे."

"घाई तुम्हांला आहे, महाराज. खडकाला नाही," धाकोजी बोलला, नि वळसा घालूनच त्यानं जहाज आत आणलं.

जादूगार रागावला. "खडकाचं एवढं भय? मग खडक ज्याला लागतच नाही, असा हो."

धाकोजीचा कुरव झाला, पांढरा समुद्रपक्षी, आणि थव्यात मिसळून गेला.

त्याची बायको येसू जादूगाराची वाट अडवून उभी राहिली. उःशाप घेतल्याशिवाय हलेना. शेवटी तो म्हणाला, "दर आश्विनात थवे या टोकावरून दक्षिणेला जातील. ओळखून नावानं हाक मार. हाका तीनच. तिन्ही चुकल्या तर तो जन्माचं पाखरू."

त्या दिवसापासून राजाची जहाजं बाहेरच नांगर टाकून राहिली. बंदर ओस पडलं.

पहिल्या आश्विनात येसूनं सगळ्यांत पुढच्या, रुबाबदार कुरवाला हाक मारली. आपला माणूस पुढंच असणार, असं तिला वाटलं. तो वळलाही नाही. दुसऱ्या आश्विनात एक कुरव तिच्याकडं बघून ओरडला. ती भुलली. त्याला तिच्या हातातली सुकी मासळी हवी होती.

तिसऱ्या आश्विनात ती टोकावर बसली ती बसलीच. दहा दिवस थव्यांमागून थवे गेले. तिनं तोंड उघडलं नाही.

कातळावरच्या टिटवीला माणसाची बोली येई. ती म्हणाली, "बाई, आभाळ रितं होत चाललं. मार की हाक कुणाला तरी."

"कुणाला तरी मारून दोन हाका घालवल्या. तू गप बैस."

अकराव्या दिवशी, ऊन कलताना, शेवटचा थवा आला. खडकाच्या पाण्यावरून सरळ निघून गेला. पाण्याखालच्या दगडाचं पाखराला काय? एक किडमिडा कुरव तेवढा मागं पडला होता. तोही सरळ येत होता. पण खडक जवळ येताच डावीकडं झुकला, सावकाश मोठा वळसा घातला, नि मग वाटेला लागला.

येसू उठून उभी राहिली.

"धाकोजी."

कुरव हवेतच फिरला. कातळावर उतरला, पिसं गळाली, नि धाकोजी दम खात बसला. मग म्हणाला, "नवऱ्याचं नाव घेतलंस? उखाण्यावाचून?"

"शेवटची हाक होती," येसू म्हणाली. "उखाणा घरी गेल्यावर घेईन."

दुसऱ्या दिवशी राजाची जहाजं एकामागून एक बंदरात शिरली. सगळी डावा वळसा घालून.