कैतानच्या वाफ्यातले मीठ

येशूच्या देवळात गाव जमले होते. वेदीपुढच्या मेणबत्त्या तेवढ्या चरचरत होत्या. बेनेदित महाराजांनी एक साधाच प्रश्न विचारला होता, आणि सगळे गाव खाली मान घालून बसले होते.

खाडीकाठच्या खारवाडीत तेव्हा महाराजांचा मुक्काम होता. पाद्री असूनही ते संन्याशासारखे राहत. अंगावर भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, आणि नजर अशी की समोरच्याला आपले ओझे खाली ठेवावेसे वाटे. खारवाडी मिठागरांची वस्ती. तिथली रीत अशी की हंगामातले पहिले मीठ सणाला वेदीवर अर्पण करायचे. मग वर्षभर बाप्तिस्म्याच्या प्रत्येक बाळाच्या जिभेवर त्यातलाच कण ठेवायचा. हा मान घरोघर फिरे. सण उद्यावर आला होता, आणि महाराजांनी विचारले होते, "यंदा पाळी कोणाची?"

अखेर बस्त्याव मुकादम उठले. "पाळी कैतानची, महाराज. पण उद्या माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे. ज्यानं माझ्या पिकत्या भातात खाडी सोडली, त्याच्या हातचं मीठ तिच्या जिभेवर?"

"आणि तेही कडूजहर!" मागून कोणी बोलले. "त्याचा स्वतःचा बैल ते चाटत नाही!"

हशा पिकला. दाराबाहेर पायरीवर बसलेल्या कैतानने हात जोडले. "मुकादमदादा खरं बोलतात. पाळी पुढच्या घराला द्या."

"मान प्रभूने दिलाय," महाराज शांतपणे म्हणाले. "तो परत घ्यायचा अधिकार मला नाही, आणि नाकारायचा तुला नाही."

कैतान मिठागरावर परतला तेव्हा आभाळ शिशासारखे दाटले होते. कधीकाळी बांधाच्या हद्दीवरून बस्त्यावशी भांडण झाले, तेव्हा रागाने आंधळा होऊन त्याने ऐन उधाणात बांधाची उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी लाकडी झडप, उचलली होती. हिरवे शेत खारट पाण्याखाली गेले. पुढे त्याने साऱ्या गावादेखत पाप कबूल केले. त्या शेतातले मीठ धुऊन काढायला पावसाळेच्या पावसाळे राबला. शेत पुन्हा पिकू लागले. कैतान मात्र मनाने त्या उधाणाच्या दिवसातच अडकून राहिला होता.

पाठोपाठ महाराज आले. वाफ्यात उतरून त्यांनी मिठाचा खडा जिभेवर ठेवला, आणि तळाशी साचलेल्या तांबूस, तेलकट पाण्याकडे पाहिले.

"कैतान, मीठ काढल्यावर खालचं कडू पाणी सोडून देतात ना रे?"

"देतात, महाराज."

"मग तू?"

कैतानची मान खाली गेली. "सोडायचं तर उघाडी उचलावी लागते. त्या दिवसापासून मी तिला हात लावला नाही. नवं पाणी घागरीनं आणून यातच ओततो."

महाराजांचे डोळे भरून आले. "अरे वेड्या! प्रभूने तुझा अपराध समुद्रात टाकला, आणि तू त्यातलंच पाणी इथे अडवून राखण करत बसलास? ही क्षमेची कदर नव्हे. ओहोटी लागलीय. ऊठ."

कैतान उघाडीपाशी गेला. फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या. त्याने डोळे मिटले. "प्रभू, हे हात मी माझ्यापाशीच ठेवले होते. घे." आणि त्याने जोर लावला. करकरत झडप उचलली गेली. इतक्या वर्षांचे कडू पाणी आधी घुटमळले, मग खळाळत खाडीकडे धावले. कैतान लहान मुलासारखा रडला. भरती आल्यावर त्याने नवे पाणी आत घेतले, झडप लावली, आणि जे होईल ते प्रभूवर सोपवले.

सकाळीही आभाळ तसेच झाकोळलेले होते. बस्त्याव मुकादम नातीला कडेवर घेऊन, घरच्या मिठाची पितळी वाटी हातात धरून बांधावरून देवळाकडे निघाले होते. "काय कैतान, गोड झालं का मीठ रात्रीत?" असे हसत म्हणाले, आणि जागीच थबकले.

वाफा शुभ्र झाला होता! भाविकहो, दिवसेंदिवस ऊन तापावे तेव्हा कुठे मीठ धरते; इथे तर उन्हाची तिरीपही पडली नव्हती. पाण्यावर टपोरे, पारदर्शक दाणे उमलले होते आणि काठावर कैतान गुडघे टेकून बसला होता. जन्म मिठागरात गेलेल्या बस्त्यावांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वाकून एक दाणा तोंडात घातला. कडवटपणाचा लवलेशही नव्हता.

त्यांच्या हातातली वाटी खाली पडून रिकामी झाली. डोक्यावरची टोपी काढून ते बांधावर उभ्या महाराजांपुढे वाकले.

"माझ्यापुढे नको," महाराज म्हणाले.

बस्त्याव वळले आणि कैतानपुढे चिखलात गुडघ्यांवर आले. "माझं शेत कधीच पिकायला लागलं रे. खाडी माझ्या तोंडात राहिली होती. माझ्या पोरीला तुझं मीठ देशील?"

कैतानने रिकामी वाटी उचलली, नव्या मिठाने भरली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. नातीने तीत बोट बुडवले नि खुदकन हसली.

"आणि मी तुला जे जे बोललो," बस्त्याव म्हणाले, "ते विसरशील का रे, भावा?"

खाडीत ओहोटी लागली होती. वाफ्याच्या तळाशी उरलेले कडू पाणी सोडायची वेळ झाली होती. कैतानने छातीवर क्रूसाची खूण केली, आणि तो उघाडी उचलायला चालू लागला.